मध्य आणि पार्श्व : मायक्रोफोनच्या निवडीचा एक इतिहास

ध्वनिमुद्रणाकडे साहित्याचे अभ्यासक सहसा केवळ साधन म्हणून पाहतात. कवीने कविता वाचली, कोणीतरी ती टिपली, आता ती ऐकता येते. एवढ्यावर आपला विचार थांबतो. हस्तलिखिताच्या बाबतीत मात्र आपण इतके भोळे नसतो. लेखनिक कोण होता, त्याने काय गाळले, समासात काय लिहिले, हे विचारल्याशिवाय पाठचिकित्सा पुढे सरकत नाही. मुद्रित ध्वनीलाही लेखनिक असतो. मायक्रोफोन हा तो लेखनिक होय. तो कोठे ठेवला, त्याचे तोंड कोणाकडे होते आणि कोणत्या दिशेला तो बहिरा होता, यावर पुढच्या पिढीच्या हाती कोणता पाठ पडणार हे ठरते.

आज घरातल्या खोलीत स्टुडिओ उभारणे अवघड राहिलेले नाही. अशा खोलीत गाणे किंवा काव्यवाचन दोन कानांसाठी, म्हणजे स्टिरिओत, टिपायचे ठरले की ‘मिड-साइड’ या पद्धतीचे नाव निघते आणि पाठोपाठ प्रश्न येतो : तिच्यासाठी मायक्रोफोन कोणते घ्यावेत? प्रश्न बाजारातला वाटतो. त्याचे उत्तर मात्र इतिहासात शोधावे लागते, कारण या पद्धतीतला प्रत्येक मायक्रोफोन एका विशिष्ट गरजेतून त्या जागी आला आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : मिड-साइड ही मजकूर आणि समास एकाच पानावर, पण वेगवेगळे जपणारी पद्धती आहे, आणि तिच्यातली मायक्रोफोनची निवड म्हणजे मजकूर कोणाच्या हाती द्यावा आणि समास कोणाच्या, याची निवड आहे.

१

दोन कानांनी ऐकण्याची सोय यंत्राने करता येईल, हे मुद्रणाच्याही आधी दूरध्वनीवाल्यांना उमगले होते. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत्-प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेरागृहाच्या रंगमंचावर दूरध्वनीची प्रेषकयंत्रे मांडली आणि त्यांच्या जोड्यांमधून आलेले गायन प्रदर्शनातल्या लोकांना दोन्ही कानांना दोन श्रवणयंत्रे लावून ऐकवले. पात्र रंगमंचावर डावीकडून उजवीकडे गेले तर ते कळत असे. याच कल्पनेतून निघालेल्या ‘थिएट्रोफोन’ सेवेचा मार्सेल प्रूस्त १९११ साली ग्राहक झाला होता आणि अंथरुणातून ऑपेरा ऐकत होता. ज्याच्या कादंबरीत खोल्या, आवाज आणि स्मृती यांना एवढे स्थान आहे, त्याने दूरच्या सभागृहाचा आवाज असा घरबसल्या ऐकलेला असावा, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे ग्रामोफोन आणि रेडिओ आले आणि श्रवण पुन्हा एककर्णी झाले. एक मायक्रोफोन, एक खाच, एक कर्णा. याविरुद्धची महत्त्वाची बंडखोरी इंग्लंडात झाली. अ‍ॅलन डॉवर ब्लुमलीन हा १९०३ साली लंडनमध्ये जन्मलेला अभियंता १९२९ पासून कोलंबिया ग्रामोफोन कंपनीत होता. १९३१ साली विलीनीकरण होऊन तिची इएमआय झाली. त्याच्याविषयी सांगितली जाणारी कथा अशी की, १९३१ साली तो भावी पत्नीबरोबर बोलपट पाहायला गेला असता त्याला एक विसंगती खटकली : नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज मात्र भलतीकडून. यावर उपाय आपल्याला सापडला आहे, असे त्याने तिथल्या तिथे सांगितले म्हणतात. कथेत रंग भरला असेल. पण १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला, हे कागदोपत्री आहे. ब्रिटिश पेटंट क्रमांक ३९४३२५ म्हणून ते १९३३ साली मान्य झाले. त्यात सत्तर दावे आहेत. मायक्रोफोनची मांडणी, तबकडीच्या एकाच खाचेत दोन आवाज कोरण्याची रीत आणि चित्रपटाचा ध्वनी असा बराच संसार त्या एका कागदात मावला आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळाही या प्रश्नाच्या मागे होती. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियातल्या वाद्यवृंदाचे वादन तीन वाहिन्यांवरून वॉशिंग्टनला पोचवले गेले. बेलची कल्पना होती ध्वनीच्या भिंतीची : रंगमंचासमोर मायक्रोफोनांची रांग आणि दूरच्या सभागृहात तितक्याच कर्ण्यांची रांग. ब्लुमलीनची कल्पना होती एका बिंदूची. दोन मायक्रोफोन जवळजवळ एकाच जागी ठेवायचे आणि त्यांच्यातला फरक अंतराने नव्हे, दिशेने घडवायचा. मिड-साइडचे घराणे या दुसऱ्या कल्पनेतले आहे.

२

ब्लुमलीनच्या विचाराचा गाभा बेरीज-वजाबाकीत आहे. दोन वाहिन्यांची बेरीज केली की दोन्हींत समान असलेले पुष्ट होते. वजाबाकी केली की समान ते नाहीसे होऊन फक्त भेद उरतो. बेरीज आणि भेद यांचे प्रमाण बदलून पुन्हा डावे-उजवे घडवले, तर ध्वनिचित्राची रुंदी हवी तशी कमी-जास्त करता येते. आवाज टिपून झाल्यावर त्याचा अवकाश बदलता येतो, ही गोष्ट १९३१ साली कागदावर उतरली होती.

या विचाराला साजेसा मायक्रोफोन तेव्हा नुकताच हाती येत होता. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये लोंबणारी अ‍ॅल्युमिनियमची अतिशय पातळ पट्टी, म्हणजे रिबन. समोरून आलेला आवाज तिला मागे ढकलतो, मागून आलेला पुढे. पण बाजूने, पट्टीच्या कडेवर आलेला आवाज तिच्या दोन्ही अंगांवर सारखाच दाब देतो आणि ती हलत नाही. तिच्या श्रवणाची आकृती काढली तर इंग्रजी आठचा आकडा उमटतो. आपला देवनागरी ८ येथे उपयोगाचा नाही, म्हणून आम्ही अशा मायक्रोफोनला द्विमुखी म्हणू. एक तोंड पुढे, एक मागे, आणि दोन्ही कुशींना बहिरेपण. असे दोन द्विमुखी मायक्रोफोन एकमेकांशी काटकोनात ठेवण्याच्या मांडणीला आजही ब्लुमलीनचेच नाव आहे.

जानेवारी १९३४ मध्ये अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओत सर टॉमस बीचम लंडन फिलहार्मोनिककडून मोझार्टच्या ‘ज्युपिटर’ सिम्फनीची तालीम करून घेत असताना ब्लुमलीनच्या सहकाऱ्यांनी ती दोन वाहिन्यांत टिपली. १९३५ साली हेज येथे जाणाऱ्या-येणाऱ्या आगगाड्यांचा आणि रंगमंचावर चालत बोलणाऱ्या माणसांचा बोलपटही झाला. मग हे काम मागे पडले. कंपनीला दूरचित्रवाणीची घाई होती, पाठोपाठ युद्ध आले, आणि ७ जून १९४२ रोजी विमानातल्या रडारची चाचणी घेत असताना हॅलिफॅक्स विमान कोसळून ब्लुमलीन मृत्यू पावला. त्याचे वय ३८ होते. काम गुप्त असल्याने त्याचा मृत्यूही त्या वेळी फारसा बोलला गेला नाही. स्टिरिओ हा शब्द घरोघरी पोचला तेव्हा त्याचा जनक हयात नव्हता.

३

मिड-साइड या नावाने जी पद्धती ओळखली जाते तिची उभारणी १९५० च्या दशकात डेन्मार्कच्या सरकारी रेडिओत होल्गर लाउरिडसेन या अभियंत्याने केली. तिची मांडणी ब्लुमलीनच्या बेरीज-वजाबाकीवरच उभी आहे. फरक इतकाच की बेरीज आणि भेद येथे नंतर काढावे लागत नाहीत, मायक्रोफोनच ते थेट टिपतात. एक मायक्रोफोन गायकाकडे तोंड करून उभा असतो; हा मध्य. दुसरा द्विमुखी, त्याच जागी, पण आडवा : एक तोंड डाव्या भिंतीकडे, दुसरे उजव्या भिंतीकडे, आणि त्याची बहिरी कूस नेमकी गायकाकडे. हा पार्श्व. मग

डावे = मध्य + पार्श्व
उजवे = मध्य − पार्श्व

एवढे गणित पुरते. पार्श्वाच्या डाव्या तोंडाने टिपलेला आवाज मध्याशी जुळून डावीकडे वाढतो आणि उजवीकडे घटतो. उजव्या तोंडाचे उलट. स्टुडिओत याचे प्रत्यक्ष रूप साधे असते : पार्श्वाच्या ध्वनिपट्टीची एक प्रत काढायची, ती उलटी करायची, मूळ प्रत पूर्ण डावीकडे आणि उलटी प्रत पूर्ण उजवीकडे पाठवायची, मध्य मधोमध ठेवायचा.

डावे आणि उजवे पुन्हा एकत्र केले तर काय होते? पार्श्व स्वतःलाच छेदून जातो आणि मध्य तेवढा उरतो. रेडिओवाल्यांना ही पद्धती मोलाची वाटली ती या गुणामुळे. त्यांचा बहुसंख्य श्रोता एकाच कर्ण्यावर ऐकत होता. स्टिरिओच्या हौसेपायी त्याच्यापर्यंत विस्कटलेला आवाज पोचणे परवडणारे नव्हते. मिड-साइडमध्ये त्याला एका चांगल्या मायक्रोफोनने सरळ समोरून टिपलेला आवाज मिळे. पार्श्व आपोआप दूर होई.

नावाविषयी एक भाषिक टीप येथे अस्थानी ठरू नये. डॅनिशमध्ये ‘मिड्टे’ आणि ‘सिडे’, जर्मनमध्ये ‘मिट्टे’ आणि ‘झाइटे’, इंग्रजीत ‘मिड’ आणि ‘साइड’; तिन्ही भाषांत आद्याक्षरे तीच, म्हणून संक्षेपही तोच चालला. यांतला पहिला शब्द आणि आपला ‘मध्य’ एकाच प्राचीन कुळातले आहेत. दुसऱ्यासाठी आपल्याकडे ‘पार्श्व’ आहे, त्याचा संबंध बरगड्यांशी, कुशीशी. मायक्रोफोनच्या कुशीची भाषा संस्कृतला परकी वाटली नसती.

पुढच्या काळात हीच विभागणी सर्वत्र रुजली. १९५७-५८ मध्ये बाजारात आलेल्या स्टिरिओ तबकडीच्या खाचेत आडवी हालचाल म्हणजे बेरीज आणि उभी हालचाल म्हणजे भेद असतो. १९६१ साली अमेरिकेत मान्य झालेल्या एफएम स्टिरिओ प्रक्षेपणात मुख्य लहरीवर बेरीज जाते आणि भेद वेगळ्या उपवाहकावर. साधा रेडिओ तो भेद घेतच नाही. दोन्हीकडे तत्त्व एकच : मजकूर सर्वांना, समास ज्याला वाचता येईल त्याला.

४

मायक्रोफोनच्या निवडीचा प्रश्न त्या काळात बराचसा कारखान्यानेच सोडवला होता. बर्लिनच्या नॉयमन कंपनीने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात एसएम २ हा स्टिरिओ मायक्रोफोन काढला आणि १९६४ साली एसएम ६९. एकाच नळीत एकावर एक दोन कॅप्सूल, त्यांतला एक फिरवता येणारा, आणि प्रत्येकाची श्रवणाकृती दुरून बदलण्याची सोय. दोन्ही कान एकाच घडणीचे असल्याने जुळणीची चिंता नव्हती. किंमत मात्र नभोवाणी केंद्रांना आणि मोठ्या कंपन्यांना पेलेल अशी. सर्वांनीच हा मार्ग पत्करला असेही नाही. लंडनच्या डेका कंपनीने १९५४ पासून तीन मायक्रोफोन अंतरा-अंतरावर टांगून वाद्यवृंद टिपले, आणि त्या मुद्रणांची भव्यता आजही वाखाणली जाते. एका बिंदूतून ऐकणाऱ्यांचे चित्र नेमके असते. अंतर ठेवून ऐकणाऱ्यांचे चित्र प्रशस्त असते. दोन्ही पक्षांना आपापले रसिक आहेत.

१९७९ साली टिअ‍ॅकने कॅसेटवर चार पट्ट्या टिपणारे पोर्टास्टुडिओ आणले आणि मुद्रण घरात शिरले. पुढे संगणक आला, कंडेन्सर मायक्रोफोन स्वस्त झाले, आणि जी जोडी कारखान्यात जुळवली जात होती ती घरच्या माणसाला स्वतः जुळवावी लागली. निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथे निर्माण होतो.

पार्श्वापासून सुरुवात करू, कारण तेथे सवलत नाही. पार्श्वाचा मायक्रोफोन द्विमुखीच हवा आणि त्याची बहिरी कूस खरोखर बहिरी हवी. गायकाचा आवाज पार्श्वात शिरला की तो एका बाजूला वाढतो, दुसऱ्या बाजूला घटतो आणि गायक मधोमध राहत नाही. घरच्या माणसापुढे साधारण तीन पर्याय असतात. पहिला रिबन : त्याची दोन्ही तोंडे सारखी असतात आणि कूस खोल शांत असते, पण त्याचा विद्युत्-संदेश क्षीण असतो आणि पार्श्वाला मिळणारा खोलीचा आवाजही मुळात क्षीण, त्यामुळे स्वस्त यंत्रावर पातळी वाढवताना खरखर वर येते. दुसरा, श्रवणाकृती बदलण्याचा खटका असलेला मोठ्या पडद्याचा कंडेन्सर, जसे एकेजीचे सी ४१४ किंवा रोडचे एनटी २-ए : हे शांत असतात, इतर कामांनाही चालतात, मात्र त्यांची द्विमुखी आकृती दोन पडद्यांची जुळणी करून घडवलेली असते, त्यामुळे वरच्या स्वरांत दोन तोंडांचा बाज तंतोतंत एक राहीलच असे नाही. तिसरा, लहान पडद्याचा अस्सल द्विमुखी कंडेन्सर, जसा सेनहायझरचा एमकेएच ३०. निसर्गातले ध्वनी टिपणारे तो एमकेएच ४० बरोबर जोडतात. गुणाने तो उत्तम, किमतीने घरापासून दूर.

येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. पार्श्वाची पातळी वाढवून चित्र रुंद केले की त्या मायक्रोफोनची स्वतःची खरखरही रुंद पसरते. म्हणून कमी खरखरीचा मायक्रोफोन पार्श्वाला द्यावा, असा एक पक्ष निघतो. मध्याचे काय, तो गायकाच्या जवळ असतो, त्याला आवाज भरपूर मिळतो.

तरीही मध्याची निवड दुय्यम नाही. काटकोनात दोन मायक्रोफोन ठेवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत गायक दोघांच्याही तिरक्या दृष्टीत असतो. येथे तो मध्याच्या थेट समोर असतो. आपल्याकडचा ज्याचा आवाज सर्वांत प्रामाणिक, तो मायक्रोफोन मध्याला द्यावा, कारण एका स्पीकरवर तोच उरणार आहे. त्याची आकृती कोणती असावी हे खोली ठरवते. मध्य हृदयाकृती म्हणजे कार्डिऑइड घेतला तर तो मागचे फारसे ऐकत नाही. मध्य-पार्श्व सारख्या पातळीवर जोडले की जणू दोन काहीसे टोकदार मायक्रोफोन मध्यापासून सुमारे ६३-६३ अंशांनी डावी-उजवीकडे वळवले आहेत असे चित्र मिळते. मध्य सर्वदिशी घेतला तर पाठीला पाठ लावून डावी-उजवीकडे पाहणारे दोन कार्डिऑइड तयार होतात. आवाज मोकळा, जवळ गेल्याने खर्ज फुगत नाही, पण खोलीची मागची भिंतही पानावर येते. आणि मध्यही द्विमुखी घेतला तर गणित आपल्याला थेट ब्लुमलीनच्या काटकोनी जोडीपाशी आणून सोडते. १९३१ आणि लाउरिडसेन यांच्यात वरवर दिसणारा भेद येथे मिटतो : दोन्ही मांडण्या एकाच आकृतीचे दोन पाठ आहेत.

दोन मायक्रोफोन वेगवेगळ्या जातीचे असले तरी चालतात. अट एवढीच की त्यांचे पडदे एकावर एक, शक्य तितके एकाच उभ्या रेषेत असावेत. मागेपुढे बोटभर फरक झाला तरी वरच्या स्वरांत बेरीज-वजाबाकी चुकू लागते.

५

आपल्याकडच्या बैठकीच्या मांडणीला ही पद्धती फार जवळची आहे, हे येथे नोंदवले पाहिजे. गायक मध्यभागी, एका अंगाला तबला, दुसऱ्या अंगाला पेटी, मागे तानपुरे. गायकाचा शब्द मध्याने घ्यावा आणि साथीचा विस्तार पार्श्वाने, ही विभागणी बैठकीच्या रचनेतच आहे. काव्यवाचनाच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होतो. कवीचा आवाज एका बिंदूतून येतो. त्याला रुंदी नसते. पार्श्वात येते ती श्रोत्यांची हालचाल, दाद, पंख्याचा घरघराट, रस्त्यावरचा भोंगा. हे सारे टाकाऊ आहे काय?

दोन्ही बाजूंनी बोलता येते. दहा बाय बाराच्या खोलीत, उघड्या भिंती आणि फरशी असताना पार्श्व जे आणतो ते बहुधा भिंतींवरून परतलेले, चौकोनी, कोंदट ध्वनी असतात. अशा ठिकाणी एकच मायक्रोफोन पुरतो, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या वाचनाला श्रोते आहेत तेथे दाद ही कवितेच्या वाचनपाठाचाच भाग असते. कोणत्या ओळीला शांतता पसरली आणि कोणत्या ओळीला हशा आला, हे ज्या मुद्रणात नाही, त्या मुद्रणावरून त्या काळच्या काव्यव्यवहाराविषयी बोलणे अवघड होते.

या वादावर मिड-साइडचे उत्तर असे की निर्णय आजच घ्यावा लागत नाही. मध्य आणि पार्श्व वेगळ्या पट्ट्यांवर राहिले तर पन्नास वर्षांनंतरचा अभ्यासक समास उघडू शकतो किंवा झाकून ठेवू शकतो. डावे-उजवे करून त्याची एकच संकुचित फाइल जपली, तरी तत्त्वतः मध्य-पार्श्व परत काढता येतात; प्रत्यक्षात संकोचनाने जे गेले ते गेलेलेच असते, आणि पार्श्व हा क्षीण असल्याने बहुधा त्याचाच बळी आधी जातो.

म्हणून भाषा विभागांत, ग्रंथालयांत आणि घरोघरी वाचने टिपणाऱ्यांना आमची सूचना साधी आहे. मायक्रोफोन कितीही साधे असोत, मध्य आणि पार्श्व या दोन्ही मूळ पट्ट्या न मिसळता, न आकसता जपाव्यात. फाइलबरोबर चार ओळींची नोंद ठेवावी : मध्याला कोणता मायक्रोफोन होता, त्याची आकृती कोणती, पार्श्वाला कोणता, त्याचे कोणते तोंड डावीकडे होते आणि खोली केवढी होती. डावे तोंड कोणते हे लिहून ठेवले नाही तर उद्याच्या श्रोत्याला तबला आणि पेटी यांच्या जागा उलट ऐकू येतील आणि त्याला ते कळणारही नाही. पोथीच्या शेवटी लेखनिक आपले नाव, गाव आणि शक लिहून ठेवत असे. मुद्रणाच्या लेखनिकाकडून निदान तेवढे तरी मागायला आपण शिकले पाहिजे.